आवडीची यादी नेमकी कुणाची?

तुळजापूरहून लातूरकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, लातूरच्या अलीकडे सुमारे २० किलोमीटरवर औसा हे तालुक्याचे गाव आहे. भुईकोट किल्ला आणि नाथ संस्थान या दोन गोष्टींसाठी ते ओळखले जाते. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर या भागातील रस्त्यांवरून दिवसरात्र धावू लागतात. अंधारात ट्रॅक्टरच्या दिव्याआधी त्यावरचे गाणे कानावर येते. कधी ते नव्वदच्या दशकातील हिंदी चित्रपटातील विरहगीत असते, कधी भीमगीत, कधी देवीचे आराधी गीत, तर कधी ‘सैराट’मधले एखादे. ही गाणी आकाशवाणीने लावलेली नसतात आणि कॅसेटच्या दुकानदाराने भरून दिलेलीही नसतात. चालकाने आपल्या मोबाइलमध्ये एकेक करून जमवलेली ही त्याची स्वतःची यादी असते. आजच्या भाषेत प्लेलिस्ट.

अशी यादी आज जवळपास प्रत्येकाच्या खिशात आहे. पुण्या-मुंबईत संगणकावर काम करणाऱ्या अभियंत्याकडे आहे, लातूरच्या शिकवणी वर्गासाठी खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे आहे, तशीच औशाच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाकडेही आहे. तिचे वैशिष्ट्य असे, की ती कधी पूर्ण होत नाही. लग्नात ऐकलेले, प्रवासात शेजाऱ्याच्या फोनवर वाजलेले, गेलेल्या माणसाच्या आवडीचे, अशी नवी-जुनी गाणी तिच्यात पडतच राहतात. माणसाच्या आयुष्याचा एवढा प्रामाणिक हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मात्र या हिशेबाची वही आपल्या मालकीची राहिलेली नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत एकापाठोपाठ एक संगीतसेवा बंद पडल्या, काहींनी नियम बदलले, काहींवरून रातोरात हजारो गाणी दिसेनाशी झाली. प्रत्येक वेळी कोणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या यादीला भगदाड पडले. हा केवळ करमणुकीचा प्रश्न आहे असे समजून आपण त्याकडे दुर्लक्ष केले. वास्तविक तो स्मृतीचा प्रश्न आहे. मराठवाड्यासारख्या, ज्याचे गाणे कागदावर कमी आणि कंठात अधिक राहिले, अशा प्रदेशाच्या दृष्टीने तर तो विशेष गंभीर आहे.

भजनी मालिका आणि बाड

आवडीची गाणी एका क्रमाने जमवून ठेवण्याची कल्पना मोबाइलने आणलेली नाही. वारकरी संप्रदायात तिला शतकांची परंपरा आहे आणि तिचे नावही मराठीच आहे : भजनी मालिका. कोणत्या वारी कोणते अभंग, पहाटेच्या काकड्याला काय, सायंकाळच्या हरिपाठानंतर काय, याचा क्रम तीत ठरलेला असतो. काकड्यात भूपाळीनंतर वासुदेव, आंधळे, पांगळे, गौळणी अशी प्रकरणे ओळीने येतात. गावोगावच्या भजनी मंडळांत ही मालिका पुस्तकात न पाहता म्हणणारी माणसे आजही आहेत.

औशाला याबाबतीत विशेष अधिकार आहे. येथील नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा अनेक पिढ्यांची असून, माघवारीत पंढरपुरी होणारे औसेकर महाराजांचे चक्रीभजन वारकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. पदे तीच, क्रम तोच, चालीही परंपरेने आलेल्या. नवा माणूस त्या फेरात उभा राहतो आणि ऐकता ऐकता सारे पाठ करतो. ही सामूहिक यादी साठवण्याचे साधन म्हणजे माणसांचा समुदाय.

वैयक्तिक यादी असे ती ‘बाडा’त. जुन्या घराण्यांतून, मठांतून आरत्या, पदे, अभंग, श्लोक, भारुडे उतरवून घेतलेली ही हस्तलिखिते. बाड म्हणजे एखाद्या कवीचा समग्र ग्रंथ नव्हे. लिहिणाऱ्याला जे रुचले, जे त्याच्या कानी आले, ते त्याने आपल्या अक्षरात उतरवले. एका पानावर नामदेव तर पुढच्या पानावर एखादा अप्रसिद्ध कवी. आजची प्लेलिस्ट नेमकी याच स्वभावाची आहे. धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली बाडे पाहिली, की एका माणसाने स्वतःपुरती केलेली निवड पुढे समाजाचा ठेवा कशी होते हे ध्यानात येते. कोणाच्या तरी घरगुती बाडात उरली म्हणूनच अनेक संतांची पदे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत.

बायकांच्या वाट्याला तर कागदही नव्हता. जात्यावरच्या ओव्या त्यांनी आईकडून, सासूकडून ऐकल्या, त्यात आपल्या घातल्या आणि पुढे दिल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावी फिरून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली आणि हा संग्रह आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने महाजालावर खुला केला आहे. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात ऐकायला मिळतो. गिरणी आली, जाती बंद पडली आणि ओवी गाण्याचे निमित्तच गेले. साधन बदलले की गाणे आपोआप नव्या साधनात जात नाही. ते कोणीतरी मुद्दाम न्यावे लागते.

फर्माइशीचे पोस्टकार्ड

स्वातंत्र्यानंतर गाण्याची यादी करण्याचे काम नभोवाणीने हाती घेतले. त्या कथेत एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. परिणाम उलटा झाला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घरोघरी पोहोचला. अखेर आकाशवाणीला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली.

या प्रसंगातून निघणारा बोध आजही उपयोगी आहे. लोकांनी काय ऐकावे हे वरून ठरवू पाहिले, की लोक दुसरी वाट काढतात. पण त्यांनी जे निवडले त्याची नोंद कोण ठेवतो हा प्रश्न तेव्हाही होता. फर्माइशीच्या कार्यक्रमांना पोस्टकार्डे जात. आजच्या झारखंडमधील झुमरीतलैया हे गाव तर केवळ तेथून येणाऱ्या फर्माइशींमुळे देशभर ठाऊक झाले. मुंबई आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये, मराठवाड्यात परभणी केंद्रावर, निवेदकाच्या तोंडून आपले आणि आपल्या गावाचे नाव ऐकण्यासाठी माणसे रेडिओला कान लावून बसत. आवड खासगी होती, पण ती जाहीर करावी लागे. शिवाय एका माणसाने मागितलेले गाणे साऱ्या गावाला ऐकायला मिळे.

साठ मिनिटांची शिस्त

यादीची सत्ता प्रथम श्रोत्याच्या हाती आली ती कॅसेटमुळे. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाले. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी स्थापन केलेल्या टी-सीरिजने कॅसेट सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. तालुक्याच्या गावी कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकाने उघडली. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची नावे लिहून नेई आणि दोन-चार दिवसांनी कॅसेट घेऊन येई. साठ मिनिटांच्या कॅसेटवर, गाणे पाच मिनिटांचे धरले तर, एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सहा अशी बारा गाणी बसत. बारा घ्यायची म्हणजे उरलेली सोडायची. या टंचाईने निवडीला शिस्त लावली होती.

कॅसेटने आणखी एक मोठे काम केले, ज्याची दखल पांढरपेशा समाजाने उशिरा घेतली. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या दारात ज्यांना उभे केले जात नव्हते, त्यांचे गाणे तिने बाजारात आणले. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी, कव्वाल्या आणि भीमगीते, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे यांची लोकगीते, विठ्ठल उमप यांचा आवाज मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांवर पोहोचला तो कॅसेटवरून. वामनदादा कर्डक यांनी हजारो गीते लिहिली. त्यातील कितीतरी आधी गावोगावच्या मंचांवरून, नंतर कॅसेटींवरून लोकांना पाठ झाली. हेच आराधी गीतांबाबत आणि गोंधळाबाबत घडले. अशा अनेक कॅसेटींच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र ठळक असे. गीतकाराचे नाव मात्र बारीक अक्षरात किंवा मुळीच नसे. आजच्या अडचणीची बीजे तेथे आहेत.

कॅसेट किंवा वही आपल्या हाती होती म्हणून ती सुरक्षित होती, असा भाबडा समज करून घेण्याचेही कारण नाही. औसा तालुक्यातीलच किल्लारीने याचा सर्वांत दारुण अनुभव घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्री माणसे उशिरा झोपी गेलेली असताना, चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या घरांबरोबर पेट्या गेल्या, वह्या गेल्या, टेपरेकॉर्डर गेले. त्यापुढे गाण्यांचे मोल ते काय, असे कोणीही म्हणेल आणि ते योग्यच आहे. तरीही पुनर्वसित गावांत काही वर्षांनी पुन्हा भजने उभी राहिली, ती जगलेल्या माणसांना जे पाठ होते त्याच्या बळावर. वस्तू नाशवंत असते. जे अनेकांपाशी असते ते टिकते. गाणे जपण्याचा विचार करताना हे सूत्र विसरता येणार नाही.

‘गाणी टाकून मिळतील’

२००८-०९ नंतरची काही वर्षे मोबाइलच्या मेमरी कार्डची होती. मोठ्या आवाजाचे चिनी बनावटीचे फोन खेड्यांत पोहोचले. गावातील मोबाइलच्या दुकानावर ‘गाणी टाकून मिळतील’ अशी पाटी दिसू लागली. दुकानदाराच्या संगणकात हजारो गाणी भरलेली. थोडे पैसे दिले की तो कार्ड भरून देई. दोन जीबीच्या कार्डात, एका गाण्याला पाच एमबी धरले तर, चारशे गाणी मावत. आठवड्याच्या बाजाराला आलेला माणूस बी-बियाण्यांबरोबर गाणीही घेऊन परत जाई.

हा व्यवहार बेकायदा होता यात शंका नाही. त्या चारशे गाण्यांपैकी एकाच्याही गीतकाराला, संगीतकाराला त्यातून दमडी मिळाली नाही. परंतु श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट मान्य करावी लागते. ते कार्ड त्याचे होते. फोन बदलला तरी कार्ड काढून नव्या फोनमध्ये घालता येई. मित्राला देता येई. दुकान बंद पडले तरी कार्डातले गाणे वाजायचे थांबत नसे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या महाविद्यालयीन काळातील असे एक कार्ड आजही चालते. त्यानंतर एका संगीतसेवेवर कष्टाने जमवलेली तीनशेहून अधिक गाण्यांची यादी मात्र ती सेवा गुंडाळली गेली तेव्हा तिच्याबरोबर गेली. वेळेत उतरवून न घेतल्याचा दोष अर्थात स्वतःकडे घ्यावा लागतो.

स्वस्त झाले, पण कोणाचे झाले?

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचे दर कोसळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला होता आणि अजय-अतुल यांच्या गाण्यांनी महाराष्ट्र ढवळून निघाला होता. गाणे फोनमध्ये ‘टाकून’ घेण्याची गरज संपली. हवे तेव्हा, हवे तिथे ते ऐकता येऊ लागले. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले. यूट्यूब तर त्याआधीपासूनच खेड्यापाड्यांतील पहिला रेडिओ होऊन बसले होते.

याचा लाभ निर्विवाद आहे. छत्रपती संभाजीनगर येथे राहणाऱ्या कडूबाई खरात यांची एकतारीवरची भीमगीते कोणत्याही कंपनीने बाजारात आणली नव्हती. मोबाइलवरील चित्रफितींनी ती राज्यभर नेली. मराठवाड्यातील एका कष्टकरी बाईचा आवाज विनामध्यस्थ हजारो लोकांच्या यादीत जाऊन बसला, हे कॅसेटच्या काळातही सहज घडले नसते.

पण या सोयीचा करार नेमका काय आहे, हे समजून घेतले पाहिजे. आपण प्लेलिस्टमध्ये गाणे ‘जमा’ करतो असे म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात गाणे जमा होत नाही. कंपनीच्या भांडारातील त्या गाण्याकडे बोट दाखवणारी एक नोंद तेवढी आपल्या खात्यावर पडते. मासिक शुल्क भरून ‘डाउनलोड’ केलेले गाणेही त्याच सेवेच्या कुलपात असते. कंपनी आणि गाण्याचा हक्कदार यांच्यातील करार संपला, की नोंद राहते आणि गाणे जाते. यादीत ते नाव पुसट करड्या अक्षरांत दिसत राहते, पण वाजत नाही.

ही केवळ शक्यता नाही. २०२० च्या अखेरीस गुगल प्ले म्युझिक बंद झाले. तेथील ग्राहकांना आपला संग्रह यूट्यूब म्युझिकवर नेण्याची सोय होती, पण ती मुदतीत नेणे त्यांच्यावर होते. २०२२ मध्ये गाना या भारतीय सेवेने फुकट ऐकण्याची सोय बंद केली. मार्च २०२३ मध्ये करार न झाल्याने झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली आणि अनेकांच्या यादीतील लोकप्रिय हिंदी चित्रपटगीते एका दिवसात मुकी झाली. ती पुढे काही महिन्यांनी परतली, पण श्रोत्याला ना जाताना विचारले गेले, ना येताना. जानेवारी २०२४ मध्ये रेसोने भारतातील गाशा गुंडाळला. त्याच वर्षी एअरटेलने आपली विंक ही सेवा बंद केली. विंक ही ग्रामीण भागातही मोठ्या प्रमाणात वापरली जाणारी सेवा होती. मोबाइलच्या रिचार्जबरोबर मिळाली म्हणून तिच्यावर आयुष्यातील पहिली यादी केलेले असंख्य लोक होते.

शोधात न सापडणारे गाणे

दुसरा प्रश्न यादीत काय येते आणि काय येऊच शकत नाही याचा आहे. या सेवांचे यंत्र आपल्या आवडीचा अंदाज बांधते आणि ‘हेही ऐका’ म्हणून पुढे करते. त्याची रीत थोडक्यात अशी : आपल्यासारखीच गाणी ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकले ते पाहायचे आणि आपल्यापुढे ठेवायचे. ज्या गाण्याला आधीच पुष्कळ श्रोते आहेत त्याला ते आणखी श्रोते मिळवून देते. ज्याला मोजकेच आहेत ते मागे पडते.

त्यातही गाणे शोधायचे तर त्याचे नाव, गायक, गीतकार, संग्रह यांची नीट नोंद हवी. नेमके येथेच मराठवाड्याचे गाणे अडते. एकच आराधी गीत इंग्रजी अक्षरांत पाच प्रकारे लिहिलेले आढळते. गायकाच्या जागी कंपनीचे नाव, गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असा शेरा. हा शेरा कधी खरा असतो, तर कधी कवीचे नाव शोधण्याचा कंटाळा झाकतो. मंचावर गाताना कवी आपली नाममुद्रा शेवटच्या कडव्यात गुंफतो. यंत्राला कडव्यातले नाव वाचता येत नाही.

भाषेचे चौकटबंद खातेही असेच अडचणीचे. सेवेत प्रवेश करताना भाषा निवडा असे सांगितले जाते. लातूर जिल्ह्याला लागून कर्नाटकातील बिदर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. येथील कानाला मराठी अभंग, दखनी वळणाची कव्वाली, हिंदी चित्रपटगीत आणि सीमेपलीकडचे कानडी भजन ही एकाच मैफलीतील गाणी वाटतात. ट्रॅक्टरचालकाच्या यादीत ती शेजारी-शेजारी असतात. यंत्राच्या कोष्टकात त्यांची घरे वेगवेगळी आहेत.

आर्थिक बाजूही तितकीच महत्त्वाची. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना स्वामित्वधनाचा असा वाटा दिला, की जो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. ती मोठी सुधारणा होती. पण ज्याच्या नावाची नोंदच नाही त्याला हा वाटा कसा मिळणार? त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला, की मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकले न गेलेले गाणे ध्वनिमुद्रणाच्या मानधनाच्या हिशेबातच धरायचे नाही. महानगरातील नव्या चित्रपटगीताला हा आकडा काही मिनिटांचा. तालुक्यातील एखाद्या गोंधळ्याच्या ध्वनिमुद्रणाला तो वर्षभराचा असू शकतो. थोडक्यात, ज्याच्या गाण्याची नोंद धड नाही त्याला श्रोता मिळत नाही, श्रोता नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून पुढचे गाणे ध्वनिमुद्रित होत नाही.

कायद्यातील सुटलेला धागा

आपली यादी एका सेवेतून दुसरीत सहज नेता आली, तर प्रश्न निम्मा सुटेल. मोबाइल कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवण्याची सोय आपल्याकडे आहे, तसेच हे. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या विदासंरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात मागून घेण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये सादर केलेल्या मसुद्यात असा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही तो होता. मात्र २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून तो वगळला गेला. त्या वेळी चर्चा झाली ती प्रामुख्याने खासगीपणाची आणि सरकारला दिलेल्या सवलतींची. गाण्यांची यादी, छायाचित्रे, लिहून ठेवलेल्या टिपणांसारख्या गोष्टींवर नागरिकाचा हक्क काय, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. महिन्याला शे-दीडशे रुपयांत, अनेकदा फुकट, कोट्यवधी गाणी पुरवणाऱ्या सेवेने ती कायमची आपल्या नावे करून द्यावीत ही अपेक्षा अवाजवी ठरेल. मागणी गाण्याची नाहीच. ती यादीची आहे. कोणते गाणे, कोणाचे, कोणत्या तारखेला जोडले, एवढी साधी नोंद श्रोत्याला सहज उतरवून घेता यावी आणि सेवा बंद करताना पुरेशी मुदत मिळावी, एवढे कायद्याने बंधनकारक करण्यात अवघड काही नाही.

पुन्हा वहीकडे

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर काही गोष्टी आपल्या हाती आहेत. आपल्या यादीतील गाण्यांची नावे, गायक, गीतकार, संगीतकार यांच्यासह एका वहीत उतरवून ठेवावीत. हा जुनाट उपाय वाटेल, पण तीनशे वर्षांपूर्वीची बाडे आपण आज वाचू शकतो आणि पाच वर्षांपूर्वीची यादी उघडू शकत नाही, हे वास्तव आहे. जी गाणी खरोखर जिवाभावाची आहेत ती शक्य तेथे विकत घेऊन स्वतःपाशी ठेवावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातील वृद्ध मंडळींच्या ओव्या, पाळणे, भूपाळ्या त्यांच्या संमतीने फोनवर ध्वनिमुद्रित करून, नाव-गाव-तारखेसह दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. ती कोणत्याही कंपनीच्या भांडारात नाहीत आणि कधी असणारही नाहीत.

संस्थांनाही येथे काम आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि तालुक्या-तालुक्यात अनुदानित ग्रंथालये आहेत. त्यांच्या कपाटात पुस्तकांबरोबर त्या तालुक्याचा आवाज का असू नये? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र लातूरला आहे. आराधी, गोंधळी, भजनी मंडळे, भीमगीतांचे गायक यांच्याकडील जुन्या कॅसेटी डिजिटल स्वरूपात आणण्याचा, गीतकारांची नावे पक्की करण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांच्या मदतीने उभा राहू शकतो. कॅसेटची फीत फार वर्षे टिकत नाही. ऐंशीच्या दशकातील फिती आता चाळिशीच्या पुढे आहेत, आणि त्या भरताना हजर असलेली माणसे त्याहून किती तरी पुढे. येथे दिरंगाई परवडणारी नाही.

‘जैत रे जैत’ची गाणी लिहिणारे मराठवाड्याचे कवी ना. धों. महानोर ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर गेल्या. त्या दिवसांत किती तरी लोकांनी आपापल्या यादीत त्यांची गाणी नव्याने जोडली. शोक व्यक्त करण्याची ती आजची रीत आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. मोठ्या कलावंतांची गाणी कोणत्या ना कोणत्या भांडारात राहतील. चिंता आहे ती औशाच्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवर ‘सैराट’नंतर लागणाऱ्या त्या आराधी गीताची, ज्याच्या गायिकेचे नाव चालकाला ठाऊक नाही आणि फोनच्या पडद्यावरही दिसत नाही. ते नाव ठाऊक असलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारून ते लिहून ठेवण्याचे काम कोणत्या यंत्राने करावे अशी आपली अपेक्षा आहे?